गाठ विरघळते, आजार राहतो

मेंदूत गाठ आहे असे कळले की घरातल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ऑपरेशन करून काढता येईल ना?’ बहुतेक गाठींच्या बाबतीत तो रास्तही आहे. लहान मुलांच्या मेंदूतल्या अनेक गाठींमध्ये सर्जनला किती भाग काढता आला यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. पण एक गाठ या नियमात बसत नाही. ती मुळापासून काढायला मेंदूत खोल शिरणे सहसा तोट्याचे ठरते. उलट कोणत्याही औषध दुकानात मिळणाऱ्या एका स्वस्त गोळीने ती काही दिवसांत निम्मी होते, कधी कधी तर स्कॅनमध्ये दिसेनाशीच होते. ऐकायला हे छान वाटते. मुलाच्या उपचारातला सगळ्यात मोठा घोळ मात्र इथूनच सुरू होतो.

या आजाराला प्रायमरी सीएनएस लिम्फोमा म्हणतात. लिम्फोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, संसर्गाशी लढणाऱ्या. त्यांचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. एरवी तो मानेत, काखेत, छातीत किंवा पोटात लसिकाग्रंथी सुजवून प्रकट होतो. मेंदूत लसिकाग्रंथी नसतात, तरीही काही रुग्णांमध्ये हा कर्करोग फक्त मेंदू, मज्जारज्जू, त्यांची आवरणे किंवा डोळ्याचा आतला भाग इथेच सापडतो. बाकी शरीर स्वच्छ असते. १९२९ मध्ये पर्सिव्हल बेली या अमेरिकी शास्त्रज्ञाने अशा गाठींचे वर्णन केले, तेव्हा त्या रक्तवाहिन्यांच्या भोवतालच्या पेशींपासून होतात असे त्याला वाटले होते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी रक्तवाहिन्यांभोवती कडे करून बसलेल्या दिसतात, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक होते. पुढची कित्येक दशके या आजाराची नावे बदलत राहिली. त्या पेशी लिम्फोसाइट आहेत, आणि बहुतेक वेळा त्यातल्या ‘बी’ प्रकारच्या, हे बऱ्याच नंतर पक्के झाले.

हा मुख्यतः साठीच्या आसपासच्या माणसांचा आजार आहे. शंभर रुग्णांत एखादाच वीस वर्षांखालचा असतो. इतक्या विरळ आजाराबद्दल वर्तमानपत्रात कशाला लिहायचे, असे कोणी विचारेल. कारण असे की, हे मूल पहिल्या दिवशी कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात जात नाही. ते गावातल्या बालरोगतज्ज्ञाकडे जाते, तालुक्याला जाते, स्कॅन काढून जिल्ह्याला जाते. या पहिल्या आठ-दहा दिवसांत काय दिले गेले आणि कोणत्या क्रमाने, यावर नेमके निदान हाती लागणार की नाही हे ठरते. आणि निदान वेळेत लागले, तर मुलांच्या मेंदूतल्या दुष्ट गाठींपैकी ही बऱ्यापैकी बरी होणारी गाठ आहे.

लक्षणे कोणत्याही मेंदूच्या गाठीसारखीच. सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि उलटी, चालताना तोल जाणे, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर पडणे, तिरळेपणा, आकडी. कधी हुशार मूल अचानक वर्गात मागे पडते, चिडचिडे होते, दिवसभर पेंगते. लिम्फोमा झपाट्याने वाढतो, त्यामुळे हे सगळे सहसा काही आठवड्यांत घडते. डोळ्यात आजार असेल तर मूल धूसर दिसते म्हणते, आणि चष्म्याचा नंबर तपासून घेण्यात महिना जातो.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. मुलाला आकडी आली आणि स्कॅनमध्ये मेंदूत डाग दिसला, तर भारतात डॉक्टरच्या मनात आधी दोन गोष्टी येतात. एक फीतकृमीच्या अळीची गाठ, दुसरी क्षयाची गाठ. त्या आधी यायलाच हव्यात, कारण लिम्फोमापेक्षा त्या कितीतरी पटींनी जास्त आढळतात. या दोन्ही आजारांत मुख्य औषधांच्या जोडीला स्टिरॉइड दिले जाते, मेंदूची सूज उतरावी म्हणून. मेंदूतली कोणतीही गाठ दिसली की डेक्सामेथासोन सुरू करायचे ही तर जगभरातली सवय आहे. डोकेदुखी थांबते, उलट्या थांबतात, मूल जेवू लागते.

बाकीच्या गाठींमध्ये स्टिरॉइड गाठीच्या भोवतालची सूज कमी करते, गाठीला हात लावत नाही. लिम्फोमात ते सूज तर उतरवतेच, शिवाय लिम्फोसाइट पेशींना थेट मारते. रक्ताच्या कर्करोगात स्टिरॉइड हे औषध म्हणून वापरतात ते याच गुणामुळे. लिम्फोमाची गाठ त्याने वितळू लागते. पुन्हा एमआरआय काढला तर डाग लहान झालेला असतो. घरचे देवाला नारळ फोडतात, क्षयाचे उपचार चालू असतील तर ते लागू पडले असा निष्कर्ष निघतो. पण एकट्या स्टिरॉइडने हा आजार बरा होत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ परत येते, त्याच जागी किंवा भलत्याच ठिकाणी. डॉक्टरांच्या भाषेत अशा गाठीला ‘भुताची गाठ’ म्हणतात, आणि हे नाव अगदी चपखल आहे.

गाठ अर्धवट विरघळलेली असताना बायॉप्सी केली तर आणखी वाईट होते. सुईत जो तुकडा येतो त्यात मेलेल्या पेशी, सूज आणि साफसफाईला आलेल्या इतर पेशी असतात. कर्करोगाच्या पेशी सापडतच नाहीत. पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे ‘निश्चित सांगता येत नाही’ असा अहवाल देतो. मग स्टिरॉइड बंद करून गाठ पुन्हा वाढण्याची वाट पाहायची आणि मुलाच्या डोक्याला दुसऱ्यांदा छिद्र पाडायचे, अशी पाळी येते.

म्हणून एमआरआयवर लिम्फोमाची शंका आली तर बायॉप्सी होईपर्यंत स्टिरॉइड थांबवून ठेवावे, हा या आजारातला पहिला नियम. शंका यावी अशा खुणा असतात. डाग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या जवळ असतो, रंगद्रव्य दिल्यावर सगळा एकसारखा उजळतो, आणि पेशी दाटीवाटीने भरलेल्या असल्याने विशिष्ट प्रकारच्या चित्रात तो ठळक उठून दिसतो. क्षयाची गाठ बहुधा कडेने उजळते, कड्यासारखी. अपवाद दोन्हीकडे आहेत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलात लिम्फोमाही कड्यासारखा दिसू शकतो.

नियमालाही अपवाद आहे. मूल बेशुद्ध होत चालले असेल, मेंदूवरचा दाब जिवावर बेतत असेल, तर स्टिरॉइड द्यावेच लागते. जीव आधी. दाब उतरवायला मॅनिटॉल किंवा तीव्र मिठाचे सलाइन हेही पर्याय असतात आणि त्यांनी लिम्फोमा लपत नाही. स्टिरॉइड दिले गेले असेल तर कोणत्या तारखेला, किती, हे पाठवणीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे. ही एक ओळ पुढच्या डॉक्टरचे कित्येक दिवस वाचवते, आणि तीच बहुतेक वेळा लिहिलेली नसते.

बायॉप्सी आता पूर्वीइतकी भीतिदायक राहिलेली नाही. स्कॅनच्या आधारे दिशा आणि खोली मोजून कवटीच्या लहानशा छिद्रातून बारीक सुई नेमक्या जागी नेली जाते. तुकड्यावर रासायनिक खुणांची तपासणी होते. पेशींवर सीडी २० नावाची खूण सापडली तर तो ‘बी’ पेशींचा लिम्फोमा. मुलांमध्ये बहुतेक वेळा हाच निघतो. काही मुलांत मात्र ॲनाप्लास्टिक लार्ज सेल हा वेगळा प्रकार असतो, जो मेंदूच्या आवरणांत पसरून कधी कधी क्षयाच्या मेंदुज्वराचे हुबेहूब सोंग घेतो. त्याची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे ‘लिम्फोमा आहे’ एवढ्या अहवालावर थांबून चालत नाही.

निदानानंतर आजार खरोखरच मेंदूपुरता आहे का हे पाहतात. त्यासाठी पाठीतले पाणी तपासतात, नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांची आतून तपासणी होते, सर्वांगाचा स्कॅन आणि बहुधा अस्थिमज्जेची तपासणी होते, मुलगा असेल तर वृषणांची सोनोग्राफी. एचआयव्हीची चाचणी होतेच. ती करायची म्हटले की काही पालक दुखावतात, पण तिच्यामागे सबळ कारण आहे. जन्मजात प्रतिकारदोष, एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे संरक्षक ‘टी’ पेशी दुबळ्या झाल्या, की एपस्टाइन-बार नावाचा, बहुतेकांच्या शरीरात निमूटपणे राहणारा विषाणू ‘बी’ पेशींना बेलगाम वाढायला लावतो. अशा मुलांत कर्करोगाच्या उपचाराइतकेच मूळ दोषाकडे पाहावे लागते. एचआयव्ही असेल तर त्याची औषधे लगेच सुरू करणे किंवा सुधारणे, प्रत्यारोपण झालेले असेल तर प्रतिकार दाबणारी औषधे कमी करणे हा उपचाराचाच भाग असतो. अनेक मुलांमध्ये असे काहीच सापडत नाही. आजार का झाला याचे उत्तर मिळत नाही, आणि आईने गरोदरपणी काय खाल्ले यात ते शोधण्यात अर्थ नाही.

आता उपचार. गाठ कापून काढत नाहीत, कारण लिम्फोमा एका जागी गोळा झालेला दिसला तरी त्याच्या पेशी दूरवर विखुरलेल्या असतात. औषध सगळीकडे पोहोचायला हवे. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातले बहुतेक पदार्थ आत जाऊ देत नाहीत. इतर लिम्फोमांत उत्तम काम करणारी नेहमीची औषधे इथे उंबरठ्यावरच अडतात. मेथोट्रेक्सेट हे औषधही नेहमीच्या मात्रेत फारसे आत जात नाही. त्यावर शोधलेला उपाय धाडसी आहे. औषध इतक्या प्रचंड प्रमाणात द्यायचे की थोडा हिस्सा गेला तरी पुरेसा व्हावा.

किती प्रचंड? संधिवातासाठी मोठ्या माणसाला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच मिळतात, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. ‘एकदाच’ हा शब्द अधोरेखित करायला हवा. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावलेली आहेत. मेंदूच्या लिम्फोमात दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे ३ ते ८ ग्रॅम शिरेतून देतात. दहा वर्षांच्या मुलाचे शरीरपृष्ठ साधारण एक चौरस मीटर भरते. म्हणजे पाच ग्रॅम दिले तर ते झाले ५,००० मिलिग्रॅम, काही तासांत. काहीही न करता ते तसेच राहू दिले तर मूल वाचणार नाही.

मूल वाचते ते उताऱ्यामुळे. हे औषध आणि त्याचा उतारा यांची कथा मुंबईपासून सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका तीव्र, कधी जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांना छडा लावायचा होता. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी त्यावर काम केले. लोह देऊन हा रक्तक्षय हटत नव्हता. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने हटला. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातला तो गुणकारी पदार्थ काय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फोलिक ॲसिड पडले. आज गरोदर बाईला आरोग्य केंद्रातून लोहाबरोबर मिळते ते हेच.

वाढत्या पेशींना फोलिक ॲसिड लागते, मग ते अडवले तर कर्करोगाची वाढ थांबेल का? बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी हा विचार केला. फोलिक ॲसिडसारखी दिसणारी पण काम बंद पाडणारी द्रव्ये त्यांना लेडर्ली कंपनीतल्या संशोधकांकडून मिळाली. त्या गटाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांचा अहवाल दिला; दहा मुलांत सुधारणा दिसली होती, जरी ती टिकली नाही. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले, थोडे नंतर आलेले भावंड.

शरीरातल्या पेशी फोलिक ॲसिड जसेच्या तसे वापरत नाहीत. ते आधी ‘दळावे’ लागते, आणि मेथोट्रेक्सेट हे जातेच अडवते. ल्युकोव्होरिन म्हणजे फोलिनिक ॲसिड, हे दळून तयार झालेले पीठ. जाते बंद असले तरी ते घरात पोहोचले की चूल पेटते. मेथोट्रेक्सेट सुरू केल्यापासून साधारण २४ तासांनी ल्युकोव्होरिन सुरू करतात. तोवर कर्करोगाच्या पेशींना पुरेसा फटका बसलेला असतो, आणि तोंडाच्या, आतड्याच्या, अस्थिमज्जेच्या निरोगी पेशींना अजून वाचवता येते. फार लवकर दिले तर कर्करोगही वाचेल. उशीर झाला, दोन दिवसांच्या पुढे गेला, तर झालेली हानी भरून येईलच असे नाही. रात्री तीन वाजता सिस्टर झोपलेल्या मुलाला ल्युकोव्होरिन द्यायला येते तेव्हा ‘सकाळी द्या ना’ असे पालकांनी म्हणू नये ते यासाठी.

दुसरी काळजी मूत्रपिंडांची. मेथोट्रेक्सेट लघवीतून बाहेर जाते, आणि लघवी आम्ल असेल तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडातच अडकतात. मग औषध शरीरात साचते आणि विषबाधा वाढत जाते. त्यासाठी भरपूर सलाइन, त्यात खाण्याच्या सोड्याचेच द्रव्य, दर लघवीची आम्लता पट्टीने पाहणे, आणि रक्तातली औषधाची पातळी २४, ४८, ७२ तासांनी मोजणे, असा कार्यक्रम चालतो. पातळी सुरक्षित रेषेखाली आल्याशिवाय घरी सोडत नाहीत. या काळात आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, को-ट्रायमोक्साझोल आणि पित्तासाठी सर्रास दिली जाणारी ओमेप्रॅझोलच्या गटातली औषधे टाळावी लागतात, कारण ती मेथोट्रेक्सेटला बाहेर जाऊ देत नाहीत. पिशवीतून आणलेली ‘घरची’ गोळी डॉक्टरला न दाखवता देऊ नये. एवढे करूनही मूत्रपिंड थकले तर ग्लुकार्पिडेझ हे रक्तातले मेथोट्रेक्सेट तोडणारे विकर आहे. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आणि रुग्णालयांच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणजे महाग काय आहे? मेथोट्रेक्सेट आणि ल्युकोव्होरिन भारतात बनतात आणि कर्करोगाच्या इतर औषधांच्या मानाने स्वस्त आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक केमोथेरपींचा समावेश आहे. खरी टंचाई आहे ती पातळी मोजणाऱ्या प्रयोगशाळेची, रिकाम्या खाटेची आणि रात्रपाळीतल्या प्रशिक्षित परिचारिकेची. पातळी मोजायची सोय नसलेल्या काही भारतीय केंद्रांनी जास्त दिवस सलाइन, जास्त दिवस ल्युकोव्होरिन आणि क्रिएटिनिनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवून हा उपचार दिला आहे. तो पर्याय नाइलाजाचा आहे, पण उपचारच न देण्यापेक्षा नक्कीच बरा. शक्य असेल तर मात्र अशा मुलाने मोठ्या केंद्रातच जावे.

मेथोट्रेक्सेट एकटे पुरत नाही. मोठ्या माणसांवरच्या, २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ७९ रुग्ण होते. एकट्या मेथोट्रेक्सेटने १८ टक्के रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी झाली; सोबत सायटॅराबिन दिल्यावर ४६ टक्क्यांत. मुलांमध्ये बालरोग लिम्फोमाच्या ठरलेल्या पद्धतींनुसार आणखी औषधे, बऱ्याचदा सीडी २० वर नेम धरणारे रिटुक्सिमॅब, आणि गरजेप्रमाणे पाठीच्या पाण्यात थेट औषध देतात. वारंवार पाठीत सुई नको म्हणून टाळूच्या कातडीखाली एक लहान घुमट बसवता येतो. तो १९६३ मध्ये अयुब ओमाया या पाकिस्तानात जन्मलेल्या मेंदूशल्यविशारदाने बनवला. पाठीच्या इंजेक्शननंतर काही मुलांना आठवड्या-दोन आठवड्यांनी अचानक बोलता येत नाही किंवा एक बाजू लुळी पडते. पालकांची बोबडी वळते. पण तत्काळ तपासून पाहिल्यावर हे बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटचा तात्पुरता परिणाम ठरते आणि ओसरते.

आणि रेडिएशन? एके काळी तोच मुख्य उपचार होता. गाठ लगेच वितळायची, पण पुन्हा यायची. जी मुले वाचत त्यांच्या वाढत्या मेंदूवर किरणांची किंमत पुढे वर्षानुवर्षे वसूल होत असे. शिकण्याचा वेग मंदावतो, स्मरण कमी होते, वाढीचे हार्मोन घटून उंची खुंटते. वय जितके लहान, तितकी ही किंमत जास्त. म्हणून आज मुलांमध्ये आधी औषधे, आणि संपूर्ण मेंदूचे रेडिएशन शक्यतो राखून ठेवलेले, औषधांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी. उलटलेल्या आजारात तीव्र केमोथेरपी आणि स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण हाही मार्ग असतो. रेडिएशन दिले नाही म्हणजे उपचारात काही कसर ठेवली, असे पालकांना वाटते. उलट आहे.

निकाल काय लागतो, हे सांगताना आकडे लहान आहेत हे लक्षात ठेवावे लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून जमवलेली मुले अवघी २९ होती. त्यांपैकी तीन वर्षांनंतर सुमारे ८२ टक्के हयात होती. उपचाराच्या सुरुवातीला ज्या मुलांची एकूण तब्येत चांगली होती, चालती-फिरती होती, त्यांचे निकाल सगळ्यात चांगले लागले. निदानात गेलेला प्रत्येक आठवडा मुलाला या गटातून बाहेर ढकलत असतो.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी एमआरआय होतो, पुढे अंतर वाढत जाते. डोळ्यांची तपासणीही चालू ठेवतात, कारण आजार तिथून डोके वर काढू शकतो. लसी पुन्हा कधी द्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. शाळेत परतल्यावर गणिताला किंवा लिहायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर मूल आळशी झाले असे समजून मास्तरांनी रागावण्याआधी मानसशास्त्रीय तपासणी करून घ्यावी. त्या अहवालावर परीक्षेत जादा वेळ मागता येतो.